गावात वापरायची हलकी डबल स्ट्रोलर: निवड कशी केली

दोन लेकरांना एकाच बाबागाडीतून न्यायचं तर गाडी हलकी हवी, हे सगळेच सांगतात. पण हलकेपणा नेमका कुठे कामी येतो, हे गाव पाहून ठरतं. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. धाकटं दहा महिन्यांचं, थोरलं अडीच वर्षांचं; वजन ८ आणि १२ किलो, म्हणजे दोघं मिळून २०. गाडी १० किलोची धरली, तर रस्त्यावर ढकलायचे ३० किलो आणि एसटीत चढवताना उचलायचे १० किलो. गाडीचं वजन उचलताना जाणवतं, ढकलताना चाक जाणवतं. गाडी हलकी करायची म्हटलं की बहुतेक वेळा चाकं लहान होतात, आणि आपल्याकडच्या रस्त्यावर तीच आधी अडतात. त्यामुळे सर्वांत हलकी गाडी शोधण्यापेक्षा चांगल्या चाकांच्या गाड्यांमधली हलकी शोधावी, या मताला आम्ही आलो.

सुरुवात दुकानापासून केली नाही. आधी रोजची वाट लिहून काढली: उंबरठा, ओट्याच्या पायऱ्या, गावठाणातला सिमेंट रस्ता, नालीवरची लोखंडी जाळी, अंगणवाडी, पुढे फाट्यापर्यंतचा गिट्टी उघडी पडलेला डांबरी रस्ता आणि एसटी. वावराकडच्या पांदणीचा विचार सोडून दिला. तिथे १२ इंची, हवेच्या चाकांचीच गाडी चालेल. पण तशी डबल गाडी बहुधा १५ किलोच्या आसपास किंवा वरच जाते, आणि बाभळीचे काटे हवेच्या चाकाला टिकू देत नाहीत. वावरात धाकट्याला झोळीत बांधून नेणंच बरं.

मग दारं मोजली. शेजारी-शेजारी दोन सीट असलेल्या गाडीची रुंदी साधारण ७२ ते ७८ सेंमी असते. जुन्या घरांची दारं अडीच फूट, म्हणजे ७६ सेंमी, आणि हे माप चौकटीचं. दार पूर्ण उघडलं तरी फळीची जाडी आणि कडी यांत तीन-चार सेंमी जातात, म्हणून मोकळी जागा टेपने मोजावी. घराचं दार, अंगणवाडीचं, उपकेंद्राचं, आजोळचं, सगळ्यांत अरुंद निघेल ते खरं माप. गाडीचं मापसुद्धा मागच्या दोन चाकांच्या बाहेरच्या टोकापासून टोकापर्यंत धरावं. जाहिरातीत कधीकधी फक्त सीटची रुंदी लिहिलेली असते. दोन्ही बाजूंना मिळून किमान ३ सेंमी मोकळे राहिले पाहिजेत, नाहीतर रोज बोटं खरचटतात. जुळवून पाहायचं तर गाडीच्या रुंदीएवढी बांबूची काडी तोडून ती आडवी धरून सगळ्या दारांतून फिरून यावं. सरकारी इमारतीत रॅम्प असेल तर नियमाप्रमाणे त्याचा उतार जास्तीत जास्त १२ फुटांना १ फूट असतो. तिथे अडचण येत नाही.

रुंदीची अडचण टाळायला पाठोपाठच्या सीटची गाडी मिळते. तिची रुंदी एकेरी गाडीएवढीच, त्यामुळे दारातून ती सहज जाते. पण आपल्याकडे दारानंतर लगेच पायरी असते, आणि पायरी चढताना दांडा खाली दाबून पुढची चाकं उचलावी लागतात. इथे तरफेचा हिशोब येतो. पाठोपाठच्या गाडीत थोरलं पुढे बसलं, तर १२ किलो मागच्या आसाच्या साधारण ७० सेंमी पुढे असतात आणि धाकट्याचे ८ किलो २० सेंमी पुढे. दांडा आसाच्या ३५ सेंमी मागे धरला, तर नुसत्या लेकरांचं वजन उचलायला दांड्यावर जवळपास २९ किलोचा दाब द्यावा लागतो. शेजारी-शेजारी गाडीत दोघंही साधारण २७ सेंमी पुढे बसतात, तिथे हाच दाब १५-१६ किलो होतो. गाडीचं स्वतःचं वजन यात धरलेलं नाही. ज्या घराला उंबरठा आणि ओटा आहे, त्या घरी दार पुरत असेल तर शेजारी-शेजारीच घ्यावी. दारं दोन फुटांचीच असतील तर मात्र पाठोपाठची घेण्यावाचून गत नाही. मग पायरीवर लाकडी फळीचा उतार करून घ्यावा.

आणखी एक रस्ता आहे: दोन एकेरी, छत्रीसारख्या घडीच्या गाड्या जोडपट्ट्यांनी एकत्र करायच्या. जोडपट्ट्यांचा संच बहुधा तिनाचा असतो, दोन खालच्या नळ्यांना आणि एक वरच्या. गर्दीत किंवा अरुंद दारात गाड्या सुट्या करून एक आजोबांकडे, एक आईकडे देता येते, हा खरा फायदा. पण दोन्ही गाड्या एकाच मॉडेलच्या लागतात आणि नळी गोल लागते. लंबगोल नळीवर पट्टी घसरते. मधली दोन पुढची चाकं वळताना एकमेकांवर आपटतात, आणि दोन गाड्यांच्या मिळून चार मुठी असल्याने एका हाताने ढकलता येत नाही. जोडलेली रुंदी ८० सेंमीच्या वर जाऊ शकते. घरात एक गाडी आधीच असेल तरच हा विचार करावा. थोरलं अडीच-तीन वर्षांचं आणि नीट उभं राहणारं असेल, तर एकेरी गाडीच्या मागे लावायचा उभं राहण्याचा बोर्ड सर्वांत सोयीचा. आमचं थोरलं दुपारी वाटेतच झोपतं, म्हणून तो बाद केला.

आता चाकं. हलक्या गाड्यांना ५ ते ६ इंची चाकं असतात. २० मिमीच्या गिट्टीवरून चाक चढवायला लागणारा जोर नुसत्या भूमितीने काढला, तरी ८ इंची चाकाला ५ इंचीपेक्षा सुमारे ३० टक्के कमी लागतो. गिट्टी ४० मिमीची असेल तर ५ इंची चाक चढतच नाही, अडून राहतं आणि गाडी पुढे कलंडायला पाहते. १० किलोच्या आत ८ इंची चारही चाकं असलेली डबल गाडी मिळणं कठीण, म्हणून पुढे साडेसहा-सात इंच आणि मागे ७-८ इंच यावर आम्ही थांबलो. चाकाचं मटेरियल भरीव ईव्हीए फोम (चपलेच्या तळव्यासारखा हलका फोम) किंवा पीयू (पॉलियुरेथेन, रबरासारखं प्लॅस्टिक) असावं. ईव्हीए हलकं, पण गिट्टीवर त्याचे तुकडे उडतात. पीयू थोडं जड, पण जास्त टिकतं.

पावसाळ्यात मातीचा प्रश्न येतो. आपली काळी माती ओली झाली की फुगते, चिकटते आणि चाक नि फोर्क (चाक धरणारा वरचा चिमटा) यांच्यात थरावर थर बसून चाक जाम होतं. म्हणून चाक आणि वरचा फोर्क यांच्यात करंगळी सहज जाईल एवढी फट हवी. पुढे प्रत्येक बाजूला जोडचाकं असतात त्या गाड्या टाळाव्यात. दोन चाकांच्या मध्ये चिखल अडकला की काडीने काढत बसावं लागतं. एका बाजूला एकच चाक असलेली पाहावी. पुढची चाकं सरळ लॉक होणारी हवीत, कारण गिट्टीवर मोकळी चाकं थरथरतात आणि आडवी होऊन अडतात. नालीची जाळी ओलांडताना जाळीच्या पट्ट्यांना काटकोनात जावं. समांतर गेलं की लहान चाक फटीत उतरतं.

रस्त्याला कडेकडे उतार असतो, त्यामुळे गाडी नालीकडे ओढली जाते. शेजारी-शेजारी गाडीत जड मूल उताराच्या वरच्या बाजूला, म्हणजे रस्त्याच्या मध्याकडे बसवलं की ही ओढ काहीशी कमी होते आणि गाडी कलंडायची भीतीही कमी होते. फूटपाथ नसेल तर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा उजव्या बाजूने चालावं. म्हणजे थोरलं डाव्या सीटवर. त्याचे हात बाहेर येत नाहीत ना, तेवढं बघावं.

सीटबद्दल तडजोड करू नये. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पाठ जवळपास सपाट लागते. युरोपच्या ईएन १८८८ या मानकात त्यासाठी किमान १५० अंशांचा कोन धरला आहे. दोन्ही सीट वेगवेगळ्या कलत्या व्हाव्यात, एक झोपलं तर दुसऱ्याला बसता यावं. पट्टा पाच जागी बांधणारा हवा, आणि तो घरासमोरही बांधावा. पट्टा न बांधलेलं बाळ खाली सरकलं तर त्याची मान पुढच्या दांड्याखाली अडकू शकते. प्रत्येक सीटची वजनमर्यादा पाहावी. ईएन १८८८ चा पहिला भाग १५ किलोपर्यंतचा, दुसरा २२ किलोपर्यंतचा. थोरलं १२ किलोचं असेल तर १५ किलोची सीट वर्ष-दीड वर्षात अपुरी पडते, म्हणून दोन्ही नाही तरी एक सीट जास्त मर्यादेची मिळाली तर घ्यावी.

बिजागऱ्या हाताने चाचपून पाहाव्यात. २००९ मध्ये अमेरिकेत छत्रीसारख्या घडीच्या सुमारे १० लाख गाड्यांच्या बिजागऱ्यांना कव्हर पुरवावं लागलं, कारण घडी उघडताना लेकरांच्या बोटांची टोकं तुटल्याच्या घटना नोंदल्या गेल्या होत्या. उघडी कात्रीसारखी बिजागरी दिसली की ती गाडी बाजूला ठेवावी, आणि गाडी उघडताना-मिटताना लेकरं हातभर लांब असावीत.

आपल्याकडचं ऊन वेगळं धरायला हवं. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. काळं कापड आणि धातूचं बक्कल उन्हात ठेवलं तर चटका बसतो. कापड फिक्या रंगाचं, टप सीटच्या पुढपर्यंत येणारा आणि पाठीला जाळीची खिडकी असलेला घ्यावा. उन्हापासून वाचवायला गाडीवर कोरडा दुपट्टा पूर्ण टाकायची सवय घातक आहे, कारण आतली हवा अडते आणि बाहेरपेक्षा जास्त तापते. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात टपावरून ओलं, पातळ सुती कापड सोडलं, पुढची बाजू उघडी ठेवली आणि हवा खेळती असली, तर कूलरच्या वाळ्याच्या टट्टीसारखा गारवा मिळतो. कापड वाळलं की पुन्हा ओलं करायलाच हवं. पावसाळ्याच्या दमट हवेत याचा उपयोग नाही. आणि उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार गाडी काढूच नये. कुठलाच टप त्या उन्हाला पुरत नाही.

एसटीसाठी घडी महत्त्वाची. ‘एका हाताने घडी’ असं लिहिलेलं असतं, पण कडेवर लेकरू घेऊन ती करून बघावी. घडी होत नाही त्याची कारणं बहुधा तीनच: खालच्या बास्केटमध्ये राहिलेली बाटली, खाली कललेली सीट, किंवा न मिटलेला टप. लांब छत्रीसारखी घडी एक मीटरच्या वर जाते, ती बसच्या डिक्कीत आडवी टाकावी लागते. मध्ये दुमडून चौकोनी होणारी घडी ऑटोच्या मागच्या जागेत उभी राहते. आम्ही तीच घेतली. घडीला आपोआप बसणारी कडी हवी. काळीपिवळीच्या टपावर टाकायची वेळ आली तर जुन्या सायकलच्या ट्यूबने बांधावी आणि बाबागाडीच्या टपाचा सांधा वरच्या बाजूला ठेवावा, तोच आधी मोडतो.

नागपूरला सीताबर्डीत गाडी हातात घेऊन पाहता येते. ऑनलाइन घेताना खोक्याचं वजन आणि गाडीचं वजन वेगळं लिहिलंय का ते बघावं. काही ठिकाणी टप आणि बास्केट काढून वजन सांगतात. गाडी आली की किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवावी. मग एका सीटवर १२ किलो आणि दुसऱ्यावर ८ किलो तांदळाच्या पिशव्या पट्ट्याने बांधून, परत करायची मुदत संपायच्या आत, ठरलेल्या वाटेवरून फिरवून आणावी. उतारावर ब्रेक लावून हात सोडला तर जागेवर उभी राहते का? एक पिशवी काढली तर वाकडी चालते का? दांड्याला सामानाची पिशवी लटकवून दोन्ही सीट रिकाम्या केल्या तर मागे पडते का? शेवटचं जवळपास सगळ्याच हलक्या गाड्यांत घडतं, म्हणून सामान खालच्या बास्केटमध्येच ठेवावं. दांड्याची उंची ढकलणाऱ्याच्या कोपरापेक्षा थोडी खाली, साधारण १०० सेंमी, नाहीतर पाठ दुखते.

देखभाल थोडी, पण नियमित लागते. चाकात प्लॅस्टिकचं बुश (आसावर बसणारी नळी) असेल तर धूळ त्याला घासून खाते. बॉल बेअरिंग असेल तर गाडी हलकी चालते. ६०८ नंबरचं बेअरिंग (आतून ८ मिमी, बाहेरून २२ मिमी, जाडी ७ मिमी) असेल तर ते हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतं आणि सायकलवाला बदलून देतो. आसाला खाण्याचं किंवा मशीनचं तेल लावू नये, धूळ चिकटून त्याची पेस्ट होते; आस पुसून सिलिकॉन स्प्रे मारावा. वेचणीच्या दिवसांत आसाभोवती कापसाचे धागे आणि केस गुंडाळले जातात, ते चाक काढून ब्लेडने कापावेत. चाक परत बसवताना ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे, आणि त्यानंतर ते ओढून पाहावं. चिखल ओला असताना खरवडू नये. वाळू द्यावा, मग ठोकून पाडावा, आणि पाण्याचा फवारा बेअरिंगवर मारू नये. पोळ्याच्या सुमारास पाऊस ओसरला की सगळे स्क्रू, रिव्हेट आणि ब्रेकची तार एकदा तपासून घ्यावी.