चौथा कोपरा

बोलावणं फिल्टरसाठी होतं. फिल्टर आवाज करतो, एवढीच तक्रार. माशांचा टँक मोठा, १८० बाय ६०, उंचीही ६० सेंटिमीटर, काच १२ मिलिमीटरची. नुसतं पाणीच सुमारे ६०० लिटर, वर काचेचे १२० किलो आणि खडी. पाऊण टनाच्या पुढचं ओझं चार पायांच्या लोखंडी स्टँडवर.

फिल्टर उघडायला वाकलो आणि डाव्या काचेवरची पाण्याची रेघ डोळ्यांत खुपली. समोरून बघावं तर रेघ अगदी सरळ. डावीकडून मात्र मागं जाताना वरच्या कडेजवळ सरकत होती.

घरमालक म्हणाले, "अहो, मी स्वतः पाणसळ लावून बसवलाय. समोरची कड आणि उजवी बाजू, दोन्हीकडे बुडबुडा मधोमध होता."

"आणि डावी?"

"तिथं भिंत आहे ना. हात जात नाही."

पट्टी काढली. वरच्या काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर चारही कोपऱ्यांत मोजलं. पुढचे दोन्ही ४०, मागचा उजवा ४०, मागचा डावा ३७ मिलिमीटर. तीन मिलिमीटर ऐकून त्यांना हसू आलं. हसण्यासारखंच आहे, कारण टँक नुसता कलला असता तर मीही फार बोललो नसतो. पण समोरासमोरच्या कोपऱ्यांची बेरीज करून बघा. एका तिरक्या जोडीची ८०, दुसरीची ७७. नुसता उतार असेल तर दोन्ही बेरजा सारख्या येतात, मग उतार कितीही असो. त्या जुळल्या नाहीत म्हणजे टँकला पीळ पडलाय. उतार काच सोसते. पिळाचा ताण मात्र सगळा कोपऱ्यांत काचा जोडणाऱ्या सिलिकॉनवर येतो, आणि ते कधी सुटेल ते सांगून सुटत नाही.

एकच विचारलं, "रिकामा असताना स्टँड डुगडुगत होता का?"

"थोडा. पाणी भरल्यावर मस्त बसला."

ते 'मस्त बसला' ऐकून मी फिल्टर बाजूला ठेवला. फरशीला मागं उतार होता. त्यांनी पाचर मागच्या उजव्या पायाखालीच मारली होती, डाव्या पायापर्यंत हात पोचला नव्हता. तो पाय अधांतरी. पाण्याच्या वजनानं स्टँड वाकवून त्याला जमिनीवर टेकवलं, आणि स्टँडबरोबर वरची काचही वाकली.

पुढचे पाच तास नुसती हमाली. मासे जुन्याच पाण्याच्या टबांत, हवेचा पंप लावून. फिल्टरमधला स्पंजही त्याच पाण्यात बुडवून ठेवला, कारण त्यातले, पाणी साफ ठेवणारे जिवाणू वाळले की टँक पुन्हा पहिल्यापासून. खडीसुद्धा उपसली. खडीसकट टँक उचलणारे लोक मी पाहिलेत, तळ फुटलेलाही पाहिलाय. मग चौघांनी मिळून काच उतरवली.

उघड्या स्टँडवर तिरक्या दोन दोऱ्या ताणून बांधल्या, कोपऱ्यातून कोपऱ्यात. मधोमध त्या एकमेकींना नुसत्या टेकल्या पाहिजेत. इथं मध्ये फट होती. पाचर लाकडाची निघाली, पाणी पिऊन कडेनं फुगलेली. ती फेकली आणि मागच्या दोन्ही पायांखाली कडक प्लॅस्टिकच्या चकत्या सरकवल्या, दोऱ्या टेकेपर्यंत. स्टँड भिंतीपासून वीतभर पुढं घेतला, म्हणजे पुढच्या वेळी हात जाईल. काचेखाली नवी फोमची चादर अंथरली. ती बारीक खडबड खाते, उतार काढत नाही. पुष्कळ जण तिच्याकडून तीच अपेक्षा करतात.

पाव टँक भरला, मोजलं. अर्धा भरला, मोजलं. काठोकाठ न भरता रात्रभर ठेवायला सांगितलं आणि सकाळी परत गेलो. पूर्ण भरल्यावर डावे कोपरे ४०-४०, उजवे ४१-४१. दोन्ही बेरजा ८१.

"एक मिलिमीटर राहिला की हो," घरमालक पट्टी हातात धरून म्हणाले.

"राहू दे," म्हटलं, आणि ज्यासाठी बोलावलं होतं तो फिल्टर उघडला.