सम्राज्ञी त्रांक्विलिनाचे नाणे मिळवताना

इ. स. २४१ मध्ये रोमचा तरुण सम्राट तिसरा गॉर्डियन याचे लग्न फ्युरिया सबिना त्रांक्विलिना हिच्याशी झाले, आणि २४४ मध्ये पूर्वेकडच्या मोहिमेवर असताना त्याला मृत्यू आल्यावर ती इतिहासातून जवळजवळ पुसली गेली. सम्राज्ञीपद तिच्या वाट्याला जेमतेम तीन वर्षे आले. तिचा चेहरा असलेले, अस्सल आणि पूर्वीच्या मालकीचा कागद सोबत असलेले एक नाणे माझ्या संग्रहात येण्यासही जवळपास तितकाच काळ लागला. तो कसा गेला, हे या छंदाकडे वळू पाहणाऱ्या मराठी वाचकांसाठी सविस्तर लिहीत आहे.

माझी सुरुवात वडिलांच्या डब्यातल्या शिवराई या तांब्याच्या जुन्या नाण्यांनी झाली. शिवराईचा ठसा बहुधा तांब्याच्या तुकड्यापेक्षा मोठा असतो, त्यामुळे ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरे एका नाण्यावर पूर्ण मिळणे कठीण असते. अर्ध्या वेलांटीवरून आणि उरलेल्या काठावरून उरलेला शब्द ओळखायची सवय मला लहानपणीच लागली. पुढे नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये लेस्टरला राहायला आल्यावर रोमन नाणी सहज पाहायला मिळू लागली, आणि त्यांतही राजधानीच्या नाण्यांपेक्षा प्रांतांतल्या शहरांनी पाडलेल्या नाण्यांनी माझे मन ओढून घेतले. त्यांच्यावरचे लेख ग्रीकमध्ये असतात, ठसे खोदणाऱ्याचा हात कधी कुशल तर कधी कच्चा असतो, पण प्रत्येक नाण्यावर त्या गावाचे स्वतःचे दैवत, देऊळ किंवा वेस असते. डब्यातल्या शिवराई नाण्यांवर पोसलेल्या नजरेला हे सारे ओळखीचे वाटले.

त्रांक्विलिनाच्या बाबतीत तर प्रांतांकडे वळण्यावाचून गत्यंतरच नसते. रोमच्या टाकसाळीत तिच्या नावाने पाडलेली नाणी इतकी दुर्मीळ आहेत, की सामान्य संग्राहकाने त्यांचा विचारही करू नये. उलट काळ्या समुद्राच्या किनाऱ्यापासून मेसोपोटेमियापर्यंतच्या अनेक शहरांनी तिला आपल्या ब्राँझच्या नाण्यांवर स्थान दिले. तिचे वडील टिमेसिथेयस हे सम्राटाच्या अंगरक्षक दलाचे प्रमुख आणि त्या काळातले खरे कर्तेधर्ते होते. २४२ मध्ये इराणी साम्राज्याविरुद्धची मोहीम काळ्या समुद्राच्या पश्चिमेकडच्या मोशिआ आणि थ्रेस या प्रांतांमधून पूर्वेकडे गेली. ज्या मुलखातून हे सैन्य जाणार, तिथल्या शहरांना सम्राट आणि सम्राज्ञी दोघांविषयीची निष्ठा दाखवावीशी वाटली असावी, असे मला वाटते. आणखी एक सोय अशी, की नाण्यावर वर्ष नसले तरी त्रांक्विलिनाचा चेहरा दिसताच ते २४१ ते २४४ याच काळातले आहे, हे निश्चित होते. इतक्या नेमकेपणाने काळ ठरवता येणारी नाणी शहरांच्या टाकसाळींत फारशी नसतात.

पहिले काही महिने मी काहीही विकत घेतले नाही. ऑक्सफर्डहून चालवल्या जाणाऱ्या ‘रोमन प्रॉव्हिन्शियल कॉइनेज’ या संकेतस्थळावर संग्रहालयांतली आणि लिलावांतली नाणी शहरवार मांडलेली आहेत. तिथे रोज संध्याकाळी तासभर बसून मी त्रांक्विलिनाची नाणी पाहत असे. अलेक्झांड्रियाच्या नाण्यांवर राजवटीचे वर्ष असते, त्यामुळे ती अभ्यासाला सोपी. सामोस बेटाच्या नाण्यांवर ती एकटी असते. मार्कियानोपोलिस, ओडेसस, आंखिआलोस अशा काळ्या समुद्राच्या परिसरातल्या शहरांच्या नाण्यांवर मात्र सम्राट आणि सम्राज्ञी एकमेकांकडे तोंड करून असतात. मार्कियानोपोलिस आणि ओडेससच्या अशा नाण्यांवर मागच्या बाजूला एप्सिलॉन हे अक्षर आढळते. ते पाचचा अंक आहे, म्हणजे नाणे पाच असारियांच्या (असारिया हे तिथले लहान चलन) किमतीचे. दोन चेहरे असलेले नाणे मोठ्या किमतीचे, हे हाताळणाऱ्याला अक्षर न वाचताही कळत असणार. मला सर्वाधिक आवडला तो हाच समोरासमोरचा प्रकार, कारण त्यात तिला सम्राटाच्या बरोबरीची जागा मिळालेली आहे.

बाजारात त्रांक्विलिनाचे सर्वांत सहज मिळणारे नाणे मेसोपोटेमियातल्या सिंगारा या शहराचे. हे शहर म्हणजे आजच्या इराकमधले सिंजार. त्याने नाणी पाडली ती फक्त तिसऱ्या गॉर्डियनच्या काळात. मागच्या बाजूला खडकावर बसलेली नगरदेवता तिखे, तिच्या पायाशी पोहणारी नदीची आकृती आणि डोक्यावर धनुर्धारी नराश्व, म्हणजे आपली धनू रास. इतकी सुंदर मांडणी आणि किंमतही आवाक्यात. तरीही मी ते घेतले नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या मे २००३ मधल्या १४८३ क्रमांकाच्या ठरावानुसार ६ ऑगस्ट १९९० नंतर इराकमधून बेकायदा बाहेर गेलेल्या पुरातन वस्तूंच्या व्यापाराला बंदी आहे, आणि पुढे २०१४ मध्ये इसिसच्या हल्ल्यात सिंजारवर काय ओढवले ते आपण सर्वांनी वाचले आहे. मी विचारणा केलेल्या एकाही विक्रेत्याकडे १९९० पूर्वीचा कागद नव्हता. ‘जुन्या संग्रहातून’ हे दोन शब्द मला पुरेसे वाटत नाहीत, आणि नव्या संग्राहकांनीही ते पुरेसे मानू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन.

त्यानंतर घाई झाली. काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावरच्या मेसेम्ब्रियाचे, म्हणजे आजच्या बल्गेरियातल्या नेसेबरचे, एक नाणे अतिशय देखण्या छायाचित्रासह विक्रीला आले आणि मी ते दोन दिवसांत घेतले. पाकीट उघडल्यावर पहिल्यांदा आनंदच झाला. तिच्या केसांचा प्रत्येक पदर मोजता येत होता. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली पाहिल्यावर मात्र शंका आली, कारण कान, गाल आणि सम्राटाच्या खांद्यावरचे वस्त्र झिजून सपाट झाले होते आणि केस तेवढे नुकतेच खोदल्यासारखे तीक्ष्ण होते. शतकानुशतकांची झीज एवढ्या जागेला वगळून होत नाही. मी मग त्याच ठशातून पाडलेली इतर नाणी शोधली. एका ठशातली सर्व नाणी भावंडांसारखी असतात. अक्षरांमधले अंतर, एखाद्या अक्षराचा तिरकेपणा आणि ठशाला गेलेली बारीक चीर सगळ्यांवर तशीच उतरते. तशी दोन नाणी सापडली आणि दोन्हींवर केसांचे पदर सारखेच, पण माझ्या नाण्यापेक्षा निराळे होते. म्हणजे माझ्या हातातले नाणे जुने आणि खरे असले, तरी त्यावरचे केस अलीकडे कुणीतरी टोकदार हत्याराने कोरले होते. त्या रेघांच्या तळाशी हिरवट थर तुटलेला होता, हेही मग दिसले. तिन्ही छायाचित्रे शेजारी शेजारी लावून पाठवल्यावर विक्रेत्याने पैसे परत केले. मला पैशांपेक्षा त्या नाण्याचे अधिक वाईट वाटले, कारण तो मूळचा चेहरा आता कुणालाच पुन्हा दिसणार नाही.

आज माझ्याकडे असलेले आंखिआलोसचे नाणे अखेर जर्मनीतल्या एका लिलावात सापडले. आंखिआलोस म्हणजे आजचे बल्गेरियातलेच पोमोरिए. सूचीतले छायाचित्र साधे, नाणे काळपट, काठाला एक छोटी चीर. परंतु सोबत जुनी हस्तलिखित चिठ्ठी होती आणि १९६८ सालच्या एका लिलावसूचीत हेच नाणे छापलेले होते. सांस्कृतिक वस्तूंच्या अवैध व्यापाराविषयीचा युनेस्कोचा करार १९७० चा, त्याआधीचा हा पुरावा. चीर आणि अक्षरांची जागा जुळवून मी खात्री करून घेतली आणि माझी मर्यादा आधीच कागदावर लिहून बोली लावली. त्या मर्यादेच्या थोडे अलीकडेच ते मिळाले.

निर्यातीची कागदपत्रे विक्रेत्याने पूर्ण केली. अडचण इकडे आली. ब्रिटनमध्ये बाहेरून आणलेल्या शंभर वर्षांहून जुन्या संग्राह्य नाण्यांवर प्रत्यक्षात पाच टक्के कर बसतो, पण पार्सल आणणाऱ्या कंपनीने ते साध्या धातूच्या वस्तूंमध्ये नोंदवून वीस टक्के आकारले. नाणे अडकून राहू नये म्हणून मी रक्कम भरली आणि नंतर पावती, सूचीतले पान व वस्तूचा योग्य वर्ग दाखवून परताव्याचा अर्ज केला. पैसे यायला चार महिने लागले. पार्सल निघण्यापूर्वीच विक्रेत्याकडून वर्ग क्रमांक पावतीवर ठळक लिहून घ्यायला हवा होता.

नाणे २६ मिलीमीटर व्यासाचे आणि साडेअकरा ग्रॅम वजनाचे आहे. डावीकडे गॉर्डियन, डोक्यावर लॉरेलच्या पानांची माळ. उजवीकडे त्रांक्विलिना, कपाळावर चंद्रकोरीसारखा मुकुट, केस आडव्या लाटांमध्ये मागे नेलेले. वरच्या कडेने सम्राटाचे नाव आणि पदव्या आहेत, तिचे नाव मात्र दोन्ही प्रतिमांच्या खाली दोन ओळींत तोडून बसवले आहे. झिजलेल्या ग्रीक अक्षरांत अल्फा, लॅम्डा आणि डेल्टा हे तिन्ही एकाच त्रिकोणासारखे दिसतात, सिग्मा अर्धचंद्रासारखा असतो, आणि तिच्या नावात अल्फा-लॅम्डांची रेलचेल! खिडकीशी बसून, नाणे उजेडात तिरपे फिरवत पहिली ओळ ‘त्रान्’ अशी लागली, तेव्हा दुसरी ‘कुल्लिना’ आपोआप उलगडली. मागे बुरूज असलेली वेस आणि भोवती ‘उल्पियन आंखिआलोसकरांचे’ असा लेख आहे. उल्पियन हे विशेषण ट्राजन सम्राटाच्या उल्पियस या कुलनामावरून आले.

काठाच्या चिरेत फिकट हिरवी भुकटी दिसली असती, तर ब्राँझ आतून खात जाणाऱ्या रोगाची ती खूण ठरली असती. तशी ती नाही, तरीही मी नाणे ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवते आणि दर महिन्याला भिंगाखाली पाहते. जुनी चिठ्ठी मी त्याच्यापासून वेगळी केलेली नाही. तिच्याखाली माझी एक चिठ्ठी जोडली आहे. तीवर शहर, वजन, व्यास, १९६८ च्या सूचीतला क्रमांक, लिलावाची तारीख आणि कर भरल्याच्या पावतीचा क्रमांक मराठीत आणि इंग्रजीत लिहिलेला आहे. उद्या हे नाणे ज्याच्या हाती जाईल, त्याला सुरुवातीपासून शोध घ्यावा लागू नये.