हाइट अँड एअरस्पीड तबकडी: दोन्ही खिडक्यांच्या स्केल उतरल्या

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाचे नॅव्हिगेटर ज्या गोल तबकडीवर उंची आणि वेग दुरुस्त करून घेत, तिची १२० मिमी व्यासाची चालती प्रतिकृती धुळ्यात आकार घेतेय. आकडे खोडून-लिहून जुळवलेले नाहीत, प्रत्येक रेघ सूत्रातून काढली आहे.

मुख्य स्केल सोपी: कोन = ३६० × लॉग (आकडा ÷ १०). १० ते १०० मध्ये एक पूर्ण फेरा.

खरी मेख तबकडीतल्या दोन खिडक्यांत आहे, एक वेगाची आणि एक उंचीची; दोन्हींत तापमान आणि दाबाची उंची (हवेच्या दाबावरून मोजलेली उंची) समोरासमोर लावायची. विमानाचा खरा वेग हवेच्या घनतेच्या वर्गमुळावर ठरतो, म्हणून वेगाच्या खिडकीत तापमानाचा कोन १८० × लॉग (केल्व्हिन ÷ २८८.१५). दाबाच्या उंचीलाही तोच १८० चा गुणक: ० फुटापासून १०,००० फूट २९.३ अंशांवर, २०,००० फूट ६०.८ अंशांवर. तापमानाच्या रेघा समान अंतरावर काढू नका; उणे ५० ते उणे ४० मधलं अंतर ३.४ अंश, तर ४० ते ५० मधलं अडीचच.

उंचीची दुरुस्ती मात्र तापमानाच्या थेट प्रमाणात होते, तिथे ३६० हवेत. दाबाची उंची १०,००० फूट आणि बाहेर उणे १५ अंश असेल तर खरी उंची ९,६२० फूट यायला हवी. १८० धरून काढलेली खिडकी ९,८१० दाखवते. विमान आहे त्यापेक्षा वर असल्याचं सांगणारी ही चूक सगळ्यात घातक, म्हणून ही तपासणी आधी करा.

वेगासाठी आपल्याकडची कसोटी: मे महिन्यातली, धुळ्याजवळच्या गोंदूरची धावपट्टी, दाबाची उंची १,००० फूट, तापमान ४५ अंश. दोन्ही समोरासमोर लावल्यावर आतल्या मुख्य स्केलवरच्या १०० समोर बाहेरच्या स्केलवर १०७ आलं पाहिजे. आलं.

छपाईत व्यास दोन-तीन मिमी कमी आला तरी बिघडत नाही, कोन तेच राहतात. आडवा आणि उभा व्यास मात्र मोजा; अर्ध्या मिमीहून जास्त फरक असेल तर तो कागद बाद. पांढऱ्या गोंदातल्या पाण्याने कागद फुगतो आणि इथल्या कोरड्या उन्हात वाळताना कडा उचलतो. स्प्रे अॅडहेसिव्ह वापरा. ३ मिमी अॅक्रिलिकला मागूनही तसाच कागद लावा, नाहीतर तबकडी एका अंगाला वाकते.

मधलं भोक ४ मिमी, नायलॉन वॉशर, नायलॉक नट (आपोआप सैल न होणारा). १० समोर १० लावून पूर्ण फेरा बघा. समोरच्या बाजूला, ३१.६ च्या आसपास, रेघा सरकल्या तर भोक मध्यावर नाही. अर्धा मिमी सरकलेलं भोक तिथे सुमारे ०.६ टक्क्यांपर्यंत चूक देतं, २०० नॉटला एका नॉटहून थोडी जास्त.

आता पारदर्शक काटा बाकी आहे. त्याची रेघ खालच्या पृष्ठभागावर कोरायची. वर कोरली तर तिरकं पाहताना वाचन बदलतं.