परवाना माझा, क्रेडिट कार्ड त्याचं

इंग्लंडमधल्या तळ्याडोंगरांच्या लेक डिस्ट्रिक्टहून परतून तीन आठवडे झाले, तरी मँचेस्टरमधला तो भाड्याच्या गाड्यांचा काउंटर आठवला की अजून डोकं तापतं.

आम्ही चौघं: नागपूरकर, त्याची बायको, माझी रूममेट आणि मी. विंडरमिअरजवळ दोन रात्रींची खोली, डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लसणाची चटणी. गाडीचं बुकिंग नागपूरकराच्या नावावर, कारण क्रेडिट कार्ड फक्त त्याच्याकडे. चालवणार मी. भाडं आधीच भरलेलं. यात काही चुकलंय हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

शनिवारी सकाळी साडेदहाला पोचलो. पुढे तीन जण. आमचा नंबर आला तेव्हा सव्वाअकरा, आणि दारावर पाटी: शनिवारी बाराला बंद. काउंटरवरचा मुलगा अगदी गोड बोलणारा. नागपूरकराचा परवाना पाहिला आणि विचारलं, इथे राहायला येऊन किती दिवस झाले? हा प्रामाणिकपणे म्हणाला, चौदा महिने. संपलं! आपला भारतीय परवाना ब्रिटनमध्ये राहायला आल्यापासून फक्त 12 महिने चालतो. त्यावर 2030 पर्यंतची मुदत छापलेली असली तरी.

मी माझा परवाना पुढे केला. मला आठच महिने झालेत, पत्त्याचा पुरावाही होता. ‘छान,’ म्हणाला, ‘आता तुमचं क्रेडिट कार्ड.’ माझ्याकडे डेबिट. अनामत म्हणून 250 पौंड अडकवून ठेवायचे होते, तेही मुख्य चालकाच्याच क्रेडिट कार्डावर. त्याचं कार्ड वापरा म्हटलं, नाही. रोख घ्या म्हटलं, नाही. खात्यात पैसे आहेत, फोनवर दाखवते म्हटलं, तर हसला. परवाना माझा, कार्ड त्याचं, आम्ही दोघं मिळून त्यांच्या लेखी एक चालक होत नव्हतो! मी लक्ष्मी रोडवर गणपतीच्या गर्दीत गाडी चालवलेली बाई, हे तिथे कुणाला सांगू?

मग मॅनेजरला फोन, पाच मिनिटं थांबा, पुन्हा फोन. नागपूरकर ‘जाऊ दे ना बे’ म्हणत होता, पण मी हटले नाही. बारा वाजता दिवे मालवले. भाडं परत मिळालं नाही. ते अटींमध्ये होतं म्हणे, आठव्या पानावर असावं!

तर बुकिंगच्या आधी ‘मुख्य चालक’ आणि ‘क्रेडिट कार्ड’ हे दोन शब्द अटींमध्ये शोधा. काही ठिकाणी डेबिट कार्ड चालतं, पण आधी फोन करून विचारा. आणि शनिवारची गाडी शुक्रवारी संध्याकाळीच ताब्यात घ्या.

शेवटी पिकॅडिली स्टेशन गाठलं. ऑक्सनहोमला गाडी बदलली आणि दुपारी विंडरमिअरला. हे आधीच का सुचलं नाही? हो, तीन ते नऊ जण असाल तर ऑफ-पीक (गर्दीच्या वेळा सोडून असलेल्या) तिकिटावर ग्रुपसेव्हची एकतृतीयांश सवलत असते. आम्ही घाईत चार वेगळी तिकिटं काढली, ते दुःख निराळंच.

विंडरमिअर स्टेशनच्या बाहेरूनच 555 नंबरची बस अँबलसाइड, ग्रासमिअर करत केझिकला जाते. एकेरी भाडं जास्तीत जास्त 3 पौंड. वरच्या मजल्यावर पुढची सीट पकडा. दगडी कुंपणांमधल्या अरुंद रस्त्यावर समोरून आलेला एक गाडीवाला आमच्या बससाठी मागे मागे जात होता, घामाघूम. मी पुरी खात बघत होते. खरं सांगते, फार बरं वाटलं.

ग्रासमिअरची 1854 पासूनची जिंजरब्रेड घ्याच, आलेपाकाची चुलत बहीण. परतीच्या शेवटच्या बसची वेळ मात्र उतरताच बघून ठेवा.

घरी आल्याच रात्री 34 पौंड भरून इथल्या तात्पुरत्या परवान्याचा अर्ज केला. आपला परवाना इथे बदलून मिळत नाही, सगळ्या परीक्षा नव्याने. प्रत्यक्ष गाडी चालवण्याच्या परीक्षेची तारीख कधी मिळते याची चौकशी केली, तर ऑफिसमधले सगळे हसायलाच लागले.