ताईतातले शब्द

इस्रायलमधल्या बेरशेबात माझ्या शेजारी अलिबागकडचं एक बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, कुटुंब राहतं. आजी-आजोबा साठेक वर्षांपूर्वी इथे आले, पण घरात अजून मराठीच. शुक्रवारी रात्री त्यांच्याकडे माझं पान ठरलेलं असतं. मटण नारळाच्या रसातलं, कारण मांसाबरोबर दूध-दही चालत नाही. जेवणाआधी आजोबा नातीच्या डोक्यावर हात ठेवून हिब्रूत आशीर्वाद देतात. अर्थ विचारला तर म्हणाले, "परमेश्वर तुझं भलं करो, तुला सांभाळो, तुला शांती देवो. बापजाद्यांपासून चालत आलंय."

ते किती जुनं, हे गेल्या आठवड्यात जेरुसलेमला गेलो तेव्हा उमगलं.

इस्रायल म्युझियममध्ये चांदीचे दोन पत्रे आहेत. मोठा जेमतेम दहा सेंटीमीटर लांब, धाकटा चारही नाही. मूळचे गुंडाळलेले, मधून दोरा ओवता येईल असे. आपल्याकडे ताईत म्हणतात, तेच हे. पत्र्यावर सुईने ओरखडावं तशी अक्षरं. मी काचेला नाक लावून उभा राहिलो, तरी मला फक्त चरे दिसत होते.

हे सापडले १९७९ मध्ये, जेरुसलेमच्याच हिन्नोम खोऱ्याच्या काठावर, केतेफ हिन्नोमच्या थडग्यांत. उत्खनन पुरातत्त्वज्ञ गॅब्रिएल बरकाय यांचं. मदतीला शाळकरी मुलं होती. एका गुहेतला कोपरा साफ करायला दिलेला मुलगा कंटाळून हातोडा आपटत बसला आणि खालची 'जमीन' फुटली. ती जमीन नव्हतीच, कोसळलेल्या छताचा थर होता. त्या थरामुळेच खालचं कोठार चोरांच्या नजरेतून सुटलं होतं. आत हाडं, मडकी, दागिने मिळून हजारावर वस्तू निघाल्या.

ती गुहा मी पाहून आलो. दगडात कोरलेले ओटे आणि मृताचं डोकं टेकायला घोड्याच्या नालेसारखे खळगे. देह झिजला की हाडं ओट्याखालच्या कोठारात, आधीच्या पिढ्यांच्या हाडांत मिसळायची. 'पूर्वजांना जाऊन मिळाला' हे बायबलमधलं वाक्य मी नुसतं अलंकारिक समजत होतो. त्या खळग्यावर हात ठेवल्यावर तसं वाटेना.

पत्रे तुटू न देता उलगडायला तीन वर्षं लागली. त्यावर निघाला तोच आशीर्वाद, बायबलच्या गणना पुस्तकातला. काळ बाबिलोननं इ.स.पू. ५८६ मध्ये जेरुसलेम जाळलं त्याच्या आगेमागचा. काही अभ्यासकांनी तो बराच अलीकडचा ठरवला होता, पण नव्या पद्धतीने काढलेल्या छायाचित्रांवरून २००४ मध्ये पुन्हा वाचन झालं आणि जुना काळच बहुतेकांना पटला. म्हणजे मृत समुद्राजवळ सापडलेल्या बायबलच्या जुन्या हस्तलिखित गुंडाळ्यांहूनही हे शब्द काही शतकांनी जुने. बायबलमधला याहून जुना लिखित मजकूर आजवर मिळालेला नाही.

राजवाडे, तटबंद्या, शिलालेख यांवरून इथे वाद फार होतात, कोणाचं राज्य कुठवर होतं वगैरे. मला हा ताईत त्या सगळ्यांपेक्षा मोठा पुरावा वाटतो. कुणीतरी आपल्या माणसाच्या रक्षणासाठी गळ्यात बांधलेले शब्द राज्य बुडाल्यावरही तोंडातोंडी राहिले.

शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, त्या घरात फोनला हात लावत नाहीत, म्हणून रविवारी संध्याकाळी आजोबांना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर सरकवून बराच वेळ पाहिलं. अक्षरं लागेनात, कारण ती जुनी हिब्रू लिपी. आपल्याला नाणेघाटातली ब्राह्मी कुठे वाचता येते! मग मी म्युझियममध्ये टिपून आणलेलं वाचलं, "येवारेख्खा..." माझा उच्चार चुकला असावा. आजोबांनी तो नीट केला, मग डोळे मिटून पुढचं सगळं स्वतःच म्हटलं, शेवटच्या 'शालोम'पर्यंत.

आजी स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. धाकट्या पत्र्याची लांबी सांगितल्यावर त्यांनी बोटाचं पेर धरून मोजून पाहिलं.

"एवढासा? पोराच्या गळ्यातला असेल."