समलंब चौकोन आणि अंगठ्याखालचं हाड

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असा निरोप आला तेव्हा विषय शोधावा लागलाच नाही. ट्रपेझियम. म्हणजे भूमितीच्या तासाला शिकलेला आपला समलंब चौकोन, आणि मी पुढे फिजिओथेरपीला गेले तिथे हेच नाव पुन्हा भेटलं, एकदा मनगटातल्या हाडाला आणि जरासं बदलून मानेमागच्या स्नायूला. शाळेने मला जे दिलं त्यातलं अगदी रोज हाताखाली येणारं हेच आहे म्हणून त्याबद्दलच लिहिते.

आधी बाईंबद्दल. आमच्या गणिताच्या बाई पुठ्ठ्याचे दोन अगदी सारखे समलंब चौकोन कापून आणायच्या, एक फळ्यावर धरायच्या, दुसरा उलटा करून पहिल्याच्या तिरक्या बाजूला टेकवायच्या, की समोर समांतरभुज चौकोन तयार. त्याचा पाया म्हणजे दोन समांतर बाजूंची बेरीज, उंची तीच, आणि आपल्याला हवा त्यातला अर्धा. "सूत्र विसरलात तरी चालेल रे, पुठ्ठे विसरू नका" असं म्हणायच्या आणि खरंच, परीक्षेत सूत्र आठवलं नाही तर मी पेपरच्या कडेला ते दोन चौकोन काढायचे आणि सूत्र आपोआप यायचं. समलंब का म्हणायचं तेही त्यांनी तेव्हाच दाखवलं होतं, समांतर बाजूंच्या मधे कुठेही लंब टाका, सगळे सारखेच भरतात.

हे सूत्र किती जुनं आहे ते मला फार नंतर कळलं. आर्यभटाने 499 साली लिहिलेल्या आर्यभटीयात, गणितपादात, याच आकृतीचं क्षेत्रफळ दिलंय आणि तिथला शब्द आहे विस्तरयोगार्ध, म्हणजे दोन रुंदींच्या बेरजेचं निम्मं, त्याला उंचीने गुणायचं, झालं. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (1150) समानलंब चतुर्भुज असा उल्लेख येतो, खालची बाजू ती भूमी आणि वरची बाजू ते मुख. मुख! मला हे वाचून इतका आनंद झाला होता. कारण भुज म्हणजे हात, कर्ण म्हणजे कान, मुख म्हणजे तोंड, आपल्याकडे शरीराचे शब्द उचलून आकृत्यांना दिले आणि तिकडे ग्रीक-लॅटिन परंपरेत आकृतीचं नाव उचलून शरीराला दिलं, ट्रपेझियम हे त्याचं चांगलं उदाहरण.

ग्रीकमधे ट्रापेझा म्हणजे टेबल, मूळ अर्थ चार पायांचं. ट्रापेझिऑन म्हणजे छोटं टेबल, आणि त्यावरून आकृतीचं नाव. सावकार, सराफ लोक टेबल मांडून पैसे मोजायचे म्हणून आजच्या ग्रीक भाषेत बँकेलाही ट्रापेझाच म्हणतात. सर्कशीतला झोका, ट्रपीझ, तोही याच घरातला, वरचा आडवा आधार, दोन बाजूंचे दोर आणि खालची दांडी मिळून चौकोन होतो म्हणून. पॅरिसमधे 1859 साली ज्यूल लेओतारने उडत एका ट्रपीझवरून दुसऱ्यावर जाण्याचा खेळ पहिल्यांदा करून दाखवला. हे जाता जाता.

आता खरी गुंतागुंत. ग्रीक गणिती युक्लिडने 'एलिमेंट्स' या ग्रंथाच्या पहिल्या पुस्तकातल्या व्याख्यांमधे चौरस, आयत, समभुज चौकोन आणि समांतरभुज चौकोन अशी नावं देऊन झाल्यावर म्हटलं की बाकी उरलेले सगळे चौकोन ते ट्रपेझिया. म्हणजे बाजू समांतर असायलाच हव्यात असं त्याच्या मनात नव्हतं, कसाही वेडावाकडा चौकोन चालायचा. पाचव्या शतकात प्रोक्लस या ग्रीक तत्त्वज्ञाने युक्लिडवर भाष्य लिहिलं त्यात मात्र दोन कप्पे दिसतात, एक जोडी समांतर असेल तर ट्रपेझियम आणि एकही समांतर नसेल तर ट्रपेझॉइड. हीच आपली आजची पद्धत. पण 1795 मधे चार्ल्स हटनचा गणिताचा शब्दकोश लंडनमधे छापून आला आणि त्यात ही दोन नावं नेमकी उलटी दिली गेली. इंग्लंड पुढे जुन्या अर्थावर परत आलं, अमेरिकेत उलटा अर्थच रुजला तो आजपर्यंत. त्यामुळे अमेरिकन पुस्तकात ट्रपेझॉइड दिसलं की ते आपलं समलंब समजायचं. मुलांना ऑनलाइन व्हिडिओ बघून अभ्यास करायचा असतो तेव्हा हे कोणीतरी आधीच सांगायला हवं असं मला फार वाटतं, नाहीतर बिचारी हुशार मुलं स्वतःलाच चुकीचं समजतात.

शरीराकडे येते. मानेच्या मागे, डोक्याच्या कवटीच्या तळापासून मानेच्या मध्यरेषेने खाली पाठीच्या बाराव्या मणक्यापर्यंत आणि बाजूला खांद्यापर्यंत पसरलेला जो मोठा स्नायू आहे तो ट्रपेझियस. संगणकासमोर दिवसभर बसल्यावर मान आणि खांदा यांच्या मधे जो दगड झाल्यासारखा लागतो तोच. एका बाजूचा एकटा बघितला तर त्रिकोण दिसतो, नाव कळतच नाही. डावा आणि उजवा एकत्र बघा, मग चौकोन दिसतो, वरचं टोक कवटीला, खालचं पाठीच्या मधे, दोन टोकं दोन खांद्यांना. पण या चौकोनात एकही जोडी समांतर नाही! विद्यार्थी असताना मी शरीररचनेच्या पुस्तकातल्या चित्रावर पट्टी ठेवून बघितलं होतं, भूमितीच्या पुस्तकात तो पतंगाच्या पानावर बसला असता. म्हणजे इथे चालतो तो युक्लिडचा सैल अर्थ, उरलेले सगळे ते ट्रपेझिया. भूमितीने शब्द घट्ट करत नेला आणि शरीरशास्त्राने जुनाच सांभाळला, माझं तरी हेच मत आहे. या स्नायूचं आधीचं एक नाव होतं क्युक्युलॅरिस, म्हणजे साधूंच्या झग्याच्या टोपीसारखा, आणि पाठीवर पडलेली टोपी डोळ्यासमोर आणली तर तेही पटतं.

मनगटात आठ छोटी हाडं असतात, चार-चारच्या दोन ओळींत. कोणी होडीच्या आकाराचं, कोणी चंद्रकोरीच्या, एक वाटाण्याएवढं, एकाला आकडा. शरीररचनेचा अभ्यासक व्हेसालियस याने 1543 च्या ग्रंथात त्यांना नुसते नंबर दिले होते, नावं मागाहून आली. पुढच्या ओळीत अंगठ्याकडून पहिलं ट्रपेझियम, त्याला लागून तर्जनीच्या खाली ट्रपेझॉइड. 1895 मधे शरीरशास्त्राच्या नावांची अधिकृत लॅटिन यादी झाली तेव्हा या दोघांना मोठं बहुकोनी आणि छोटं बहुकोनी अशा अर्थाची नावं दिली गेली, पण ती टिकली नाहीत, पुढे जुनी नावं परत आली. मला विचाराल तर बहुकोनी जास्त खरं होतं कारण हाड हातात घेतलं की चार बाजू मोजून संपत नाहीत, कडा आणि खाचा निघतच राहतात. पण पाठांतराला जुनंच सोपं, ट्रपेझियम आणि थंब, शेवट सारखा वाजतो, कुठलं हाड अंगठ्याखाली ते विसरत नाही. आणि अमेरिकेतल्या डॉक्टरलाही अंगठ्याखालचं ते ट्रपेझियमच, भूमितीतली अदलाबदल इथे पोचलीच नाही.

हे हाड स्वतः शोधून बघा. अंगठा ताठ बाहेर ताणा, मनगटाच्या त्या कडेला दोन दोऱ्या वर येतात आणि मधे खळगा पडतो. खळग्यात दुसऱ्या हाताचं बोट ठेवून अंगठ्याच्या दिशेने सरकवत न्या, अंगठ्याचं लांब हाड सुरू व्हायच्या जरा आधी जो टणक भाग लागतो ते ट्रपेझियम. आता बोट तिथेच ठेवून अंगठा गोल फिरवा. खालचा सांधा हलताना जाणवेल. दोन खोगिरं एकमेकांवर आडवी ठेवावीत तसे हे दोन पृष्ठभाग बसलेले असतात, म्हणून अंगठा पुढे-मागे, आत-बाहेर जाऊन शेवटी करंगळीच्या टोकाला टेकू शकतो. पेन धरणं, बटण लावणं, किल्ली फिरवणं, सगळं इथून.

आणि म्हणूनच हा सांधा झिजतोही. बरणीचं झाकण उघडताना कळ येते, लोक मनगट दुखतं म्हणून सांगतात आणि बोट दाखवतात ते बरोब्बर या जागेवर. स्प्लिंट म्हणजे अंगठ्याला आधार देणारी पट्टी, व्यायाम, वस्तू धरायची पद्धत बदलणं यावर बऱ्याच जणांचं निभावतं, फारच त्रास असेल तर सर्जन अख्खं ट्रपेझियम काढूनही टाकतात, आणि त्यानंतरही अंगठा चालतो. पेशंटना हे सांगितलं की आधी त्यांचा विश्वास बसत नाही.

आता शाळेत जे शिक्षक गणित शिकवतायत त्यांना एक विनंती. चौकोनांचे प्रकार शिकवाल तेव्हा पुठ्ठ्यांचं तर दाखवाच, पण त्याच तासाला मुलांना हे हाड पण शोधायला लावा, आणि जमलं तर विज्ञानाच्या सरांना किंवा बाईंना वर्गात बोलवून घ्या, दोघं मिळून शिकवलंत तर मुलांना एका तासात दोन्ही विषय मिळतील. हाताच्या हाडांचा सांगाडा लागला तर मला कळवा, मी आणून देईन.