‘मॅडम, ब्रूस ली खरंच मारायचा का?’

१९९१ च्या गणपतीत आमच्या कराडच्या गल्लीत भाड्याचा व्हीसीआर आणला होता. रात्रभरात तीन पिक्चर. दोन हिंदी आणि तिसरा, पहाटेच्या सुमाराला, ब्रूस लीचा. बाकीची पोरं आयांच्या मांडीवर केव्हाच झोपली होती. मी अकरा वर्षांची, टक्क जागी. शेजारी खुर्ची टाकून माझे काका बसले होते. तालमीत कान मोडलेले, मान कुठे संपते आणि खांदे कुठे सुरू होतात ते कळू नये असे. त्यांनी सगळा पिक्चर हाताची घडी घालून गप्प पाहिला आणि शेवटी म्हणाले, “गडी चपळ हाय. पर समोरचा जोर करतोय कुठं? समोरच्यानं जोर केल्याबिगर काय कळतंय?”

कराडशेजारच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीहून ऑलिंपिकचं ब्राँझ घेऊन आले. ती गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाचं हे माप होतं. मला मात्र त्या रात्री काकांचा भयंकर राग आला. पुढच्या जूनमध्ये मी कराटेच्या क्लासला नाव घातलं. आता गेली बावीस वर्षं पुण्यात स्वतःचा क्लास घेते.

परवा क्लास सुटल्यावर आठवीतल्या एका मुलीने बेल्टची घडी घालता घालता विचारलं, “मॅडम, ब्रूस ली खरंच मारायचा का, की पिक्चरमध्येच?” मी तिला जे उत्तर दिलं ते मलाच पुरेसं वाटलं नाही. घरी येईपर्यंत डोक्यात तेच.

आधी माझं सांगते. १९९७ मध्ये राज्य स्पर्धेत सकाळी मला कातामध्ये, म्हणजे ठरलेल्या हालचाली एकट्याने करून दाखवण्यात, रौप्यपदक मिळालं आणि दुपारी कुमितेच्या, म्हणजे समोरासमोरच्या लढतीच्या, पहिल्याच फेरीत मी हरले. समोरची मुलगी माझ्याहून बुटकी होती. तिची मावाशी-गेरी, बाजूने गोल फिरून येणारी लाथ, मला दिसली. पाय जमिनीवरून सुटताना दिसला, गुडघा वळताना दिसला, आणि तरी माझा हात उठला नाही. तोच ब्लॉक मी कातामध्ये हजारदा केला होता, पण दर वेळी तो कधी करायचा हे मला आधीपासून ठाऊक असायचं. डाव्या कानावर लाथ बसली तेव्हा सहा वर्षांनी काकांचं बोलणं कळलं.

म्हणून ब्रूस लीकडे बघताना मी त्याच्या लाथा बघत नाही. त्याच्यावर कोणी आणि कधी जोर केला, ते शोधते. हाँगकाँगमध्ये इप मान यांच्याकडे विंग चुन ही कुंग फूची शैली शिकत असतानाच, १९५८ मध्ये, तो शाळाशाळांमधल्या बॉक्सिंग स्पर्धेत उतरला आणि जिंकला. रिंगमधला त्याचा पुरावा तेवढाच. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या लाँग बीचच्या कराटे स्पर्धेत त्याने दोन बोटांवरचे पुशअप्स आणि एक इंचावरचा ठोसा दाखवला, त्याचंच लोकांना सगळ्यात अप्रूप. पण तिथे समोरचा माणूस स्थिर उभा असतो आणि त्याला पडायला मागे खुर्ची मांडलेली असते. मला त्याच वर्षीची ओकलंडची झुंज महत्त्वाची वाटते. वाँग जॅक मॅनशी बंद दाराआड झालेली. कोण जिंकलं, किती मिनिटं चालली, यावर दोन्ही बाजूंच्या हकिकती जुळत नाहीत. ब्रूस लीच्या बाजूने सांगतात की तो जिंकला. पण जिंकूनही तो स्वतःवर नाराज होता, कारण त्याला धाप लागली होती आणि निकाल लागायला त्याच्या मते फार वेळ गेला होता. त्यानंतर त्याने धावणं वाढवलं, वजनं उचलणं वाढवलं, ठरलेल्या पवित्र्यांवरचा त्याचा विश्वास उडाला. १९६७ मध्ये तो परत लाँग बीचला आला तेव्हा अंगाला संरक्षक गिअर बांधून खरोखर ठोसे देत-घेत होता. आज आमच्या क्लासमधली दहा वर्षांची पोरं हेल्मेट घालून जे करतात तेच, पण त्या काळच्या कराटेवाल्यांमध्ये हे नवं होतं. तो कुठल्या विजेत्याला हरवू शकला असता, असल्या वादात मी पडणार नाही. व्यावसायिक लढती तो कधी खेळलाच नाही. मात्र समोरच्याने जोर करायला हवा, हे त्याला कळलं होतं आणि त्याने त्यासाठी स्वतःची पद्धत मोडली.

१९७२ च्या सिनेमात रोमच्या कोलोसियममध्ये त्याच्यासमोर उभा राहिला तो चक नॉरिस. तो अमेरिकन हवाई दलातून कोरियात गेला, तिथे तांग सू डो ही कोरियन युद्धकला शिकला. परतल्यावर सुरुवातीच्या स्पर्धा हरला आणि मग १९६० च्या दशकाच्या अखेरीला विजेता झाला. चिनी सिनेनट जेट लीचं वेगळं. १९७४ मध्ये अकरा वर्षांचा असताना बीजिंगच्या वुशू (चिनी युद्धकला) संघाबरोबर त्याने व्हाइट हाउसपुढे निक्सनना खेळ करून दाखवला, पुढे चीनचा राष्ट्रीय विजेता झाला. पण ते सगळं बांधलेल्या फॉर्मचं, म्हणजे आमच्या भाषेत काताचं विजेतेपद. अतिशय देखणं. मीही त्याच वाटेची, म्हणून त्याची कंबर वळताना बघून आजही अंगावर काटा येतो.

पण मग पिक्चरमधली मारामारी खोटी म्हणून सोपी का? अजिबात नाही. चार वर्षांपूर्वी कॉलेजच्या काही मुलांनी त्यांच्या शॉर्ट फिल्मसाठी मला बोलावलं. एक ठोसा, एवढंच काम. मी ग्याकू-झुकी, मागच्या हाताचा सरळ ठोसा, मारला. कॅमेरावाला मुलगा म्हणाला, “ताई, दिसलाच नाही.” परत मारला. परत नाही दिसला. आम्ही आयुष्यभर हेच शिकतो की हात जिथे आहे तिथूनच सुटला पाहिजे, खांदा हलता कामा नये, समोरच्याला चाहूल लागता कामा नये. कॅमेऱ्याला नेमकी ती चाहूलच हवी असते. हात मागे न्या, खांदा उघडा, मग सोडा. मूठ आणि चेहरा यांत वीतभर अंतर ठेवायचं, ते कॅमेऱ्याच्या रेषेत आणायचं म्हणजे पडद्यावर दिसत नाही. आणि मार खाणाऱ्याने नेमक्या त्या क्षणी मान फेकायची. निम्मी मारामारी त्याचीच. सातव्या टेकला माझा हात सवयीने सरळ गेला आणि त्या मुलाचा खालचा ओठ फुटला. तो बिचारा रुमाल लावून “चालतंय ताई” म्हणत राहिला. मला मात्र रात्री झोप लागली नाही. हात थांबवायचं शिकण्यात माझी एवढी वर्षं गेली, आणि तो नेमका तिथे थांबला नाही.

त्यानंतर मी जॅकी चॅन नव्याने बघितला. लहानपणची दहा वर्षं त्याने यु जिम-युएन यांच्या शाळेत पेकिंग ऑपेराचं, म्हणजे चिनी संगीत नाटकाचं, शिक्षण घेतलं. कोलांट्या, गाणं, तोल, पडणं. स्पर्धेतला लढवय्या तो नव्हे. ‘व्हील्स ऑन मील्स’ या १९८४ च्या सिनेमात शेवटी त्याच्यासमोर बेनी उर्किडेझ आहे, खराखुरा किकबॉक्सिंग विजेता. त्याच्या एका लाथेच्या वाऱ्याने मेणबत्त्या विझतात. पण मी ती लाथ नव्हे, दोघांचे पाय बघते. उर्किडेझ सतत अंतर खात पुढे सरकतो, जॅकीचे पाय त्या अंतराला उत्तर देतात. एक माणूस मारण्यात पारंगत, दुसरा मार लागल्याचं दाखवण्यात, आणि कॅमेरा दोघांना डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत धरून उभा. हल्लीचे पिक्चर दर सेकंदाला शॉट तोडतात, त्यात पायच दिसत नाहीत. मला ते बघवत नाही.

आणि अभिनेत्री मिशेल यो. मलेशियाच्या इपोहची, लंडनला बॅले शिकायला गेलेली. पाठीच्या दुखापतीने ते सुटलं. १९८५ मध्ये ती पहिल्यांदा मारामारीच्या मुख्य भूमिकेत आली ती सिंथिया रॉथरॉकच्या जोडीने, जी फॉर्म आणि शस्त्रांची विजेती होती. मार्शल आर्टचा कसलाही पाया नसताना मिशेल तिच्या बरोबरीने उभी राहिली. तिला कोणी ‘नाचणारी’ म्हणून हिणवलं की मला चीड येते. समोर लाथ येत असताना तालात राहणं म्हणजे काय, हे त्यांनी एकदा करून बघावं.

काल त्या मुलीला मी थांबवून घेतलं. तिचा काता क्लासमध्ये सगळ्यात सुंदर आहे आणि तिने अजून कुमिते खेळलेलं नाही. तिला हेल्मेट घातलं, ग्लोव्हज बांधले आणि सांगितलं, “मी मावाशी-गेरी मारणार आहे, हळू मारणार आहे, पण कधी ते सांगणार नाही.” पहिली कानावर टेकली. दुसरीही टेकली. तिचे डोळे भरून आले, पण ती मागे सरली नाही. तिसऱ्या वेळी तिचा हात उठला. उशिरा उठला, पण उठला.